चारशे बारा नंबरची घंटा

मामाला गोष्ट सांग म्हटलं की आधी तो चहा मागतो, मग चष्मा पुसतो, मग म्हणतो, "मला कुठे रे गोष्टी येतात!" आणि मग दीड तास थांबत नाही.

त्या रात्रीही तेच. साडेदहा वाजून गेलेले. मामाचं छपाई-बाइंडिंगचं दुकान, शटर अर्ध्यावर ओढलेलं, कोपऱ्यात वह्या दाबायचा तो भला मोठा लोखंडी प्रेस, आणि कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये जागा करून बसलेली तीन भाचरं. थोरली, मधला आणि धाकटी.

"भुताची सांग. पण खरी हवी," धाकटी म्हणाली.

"खरी म्हणजे... सगळी मी पाहिलेली नाही. शेवट तेवढा पाहिला. बाकीचं जिच्यावर गुदरलं तिनं सांगितलं. इथेच. त्याच स्टुलावर बसून."

मधला स्टुलावर बसला होता. तो गुपचूप उठून खाली बसला.

"काही चावत नाही रे ते," मामा म्हणाला आणि सुरू झाला.

तर सुरुवात एकदम साधी. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा मंगळवार. दुपारी चार वाजता इतिहास मंडळाच्या चिटणीसबाई एक जाडजूड रजिस्टर पिशवीत घालून मामाच्या दुकानात आल्या. रजिस्टरची पाठ उसवलेली. रविवारी मंडळाची वार्षिक सभा, आणि अध्यक्षांचा हुकूम होता की सभेत टेबलावर नव्या बांधणीचं रजिस्टर दिसलं पाहिजे.

"परवापर्यंत वाळेल ना?" बाईंनी विचारलं.

"वाळेल. पण उद्या सकाळपर्यंत प्रेसखालून काढणार नाही. आणि बाई, अहवालाचं शेवटचं पान कुठाय? बाकी सगळा अहवाल छापून झाला, एका पानासाठी अडलंय माझं."

"आज रात्री मोजणी उरकते. उद्या सकाळी पान तुमच्या हातात."

"आणि मोजणीला रजिस्टर नको?"

"फोटो काढून घेतलेत सगळ्या पानांचे. लेक वाचून दाखवेल फोनवरून."

आता हे मंडळ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. जुन्या तार ऑफिसचा वरचा मजला, दीडशे सभासद, त्यातले शंभर वर्गणी भरली की वर्षभर गायब. पण वर्षाचं चक्र ठरलेलं. दोन व्याख्यानं, एक सहल, शाळेत एक प्रदर्शन, एक वार्षिक अंक, आणि सभेच्या आधी मोजणी. भांडार म्हणजे तार ऑफिसची तिजोरीची खोली. लोखंडी दार, हातभर जाड भिंती, आत सहाशे अडतीस वस्तू. कुलपं, कंदील, मापं, दौती, पाट्या. प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली नंबराची चिठ्ठी.

मोजणीची पद्धत पहिल्या दिवसापासून एकच. एकानं दाराबाहेर टेबलाशी बसून नंबर वाचायचा. दुसऱ्यानं आत त्या वस्तूला हात लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "आहे." हात लावूनच. नुसतं बघून नाही. मग बाहेरच्यानं रजिस्टरात बरोबरची खूण करायची.

एकतीस वर्षं आत उभं राहून 'आहे' म्हणणारा माणूस एकच. मंडळाचे नोंदपाल. पोस्टातून निवृत्त झालेले, किरकोळ अंगाचे. बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. खिशाला कायम जांभळी शिसपेन, ती जुनी, टोक जिभेला लावून ओलं केलं की शाईसारखी उमटणारी. त्यामुळे त्यांचा खालचा ओठ बारा महिने जांभळा. चिटणीसबाईंची लेक लहानपणी आईबरोबर मंडळात यायची, तिनं त्यांचं नावच पाडलं होतं, आहेकाका. सगळे तेच म्हणायला लागले. तेही हसायचे.

"ते मेले ना?" धाकटीनं विचारलं.

"गोष्ट तू सांगतेस का मी?"

तर त्याच्या आधीच्या वर्षीच्या मोजणीत काय झालं, की बाईंनी बाहेरून चारशे बारा म्हटलं आणि आतून उत्तर आलं, "नाही."

चारशे बारा म्हणजे पितळी घंटा. मुठीएवढी. नदीवर पूल व्हायच्या आधी होडी चालायची, त्या नावाड्याची. धुक्यात तो ती वाजवायचा, म्हणजे पलीकडच्यांना कळायचं, होडी येतेय. मंडळाकडे त्याहून जुन्या वस्तू होत्या, पण लाडकी हीच.

आहेकाकांनी पंधरा दिवस भांडार पालथं घातलं. घंटा नाही. मग कार्यकारिणीची बैठक. अध्यक्ष म्हणाले, "किल्ली तुमच्याकडे, वही तुमच्याकडे. मग जाब आम्ही कुणाला विचारायचा?" चोर असं कुणी म्हटलं नाही. म्हणायचं काय राहिलं होतं? आहेकाकांनी किल्ली टेबलावर ठेवली, चप्पल घातली आणि गेले. जिना उतरताना कठडा धरून थांबले होते म्हणे जरा वेळ.

आता खरी गोम. घंटा नेली होती चिटणीसबाईंनी.

चोरली नव्हती हं. शाळेच्या प्रदर्शनाला नेली होती. नियम असा, की वस्तू बाहेर न्यायची तर तिच्या जागी गुलाबी चिठ्ठी ठेवायची, कुणी नेली, कधी नेली, सही. बाईंनी विचार केला, संध्याकाळी तर परत आणतेय, कशाला चिठ्ठी! आणि संध्याकाळी विसरल्या. साफ विसरल्या. बैठकीत मान खाली घालून बसल्या होत्या ना, तेव्हासुद्धा त्यांना खरंच आठवत नव्हतं.

आठवलं जानेवारीत. घरी कपाटावरून प्रदर्शनाचं खोकं काढलं, आणि पिवळ्या कार्डपेपरात गुंडाळलेली घंटा हाताला लागली. टण.

बाई तिथेच बसल्या. उद्या सांगते, म्हणाल्या. उद्याचं परवा झालं. अध्यक्ष काय म्हणतील, लोक काय म्हणतील, एवढी वर्षं सांभाळलेलं चिटणीसपद... आणि मार्चमध्ये आहेकाका गेले. झोपेतच. मग सांगणार कुणाला?

त्यांची बायको दहाव्या दिवशी भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "ताई, अहवालात यांच्याबद्दल काय छापाल ते आधी मला वाचून दाखवा. बाकी माझं काही मागणं नाही."

बाईंनी युक्ती काढली. मोजणीच्या चार दिवस आधी घंटा नेऊन तिच्या जागेवर ठेवली, कंदिलाच्या जरा मागे. मोजणीत ती 'सापडणार'. आणि अहवालात ओळ जाणार, 'गतवर्षी नोंदपालांच्या नजरचुकीने ही वस्तू गहाळ नोंदली गेली होती.' चोरीचा डाग गेला. बाईंवर काही आलं नाही. म्हाताऱ्याची नजर गेली होती एवढंच ठरणार. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?

"पडतो," थोरली म्हणाली.

"हं," मामा म्हणाला. "ऐक पुढे."

मदतीला येणाऱ्या सहचिटणीसांना बाईंनी मुद्दाम नको सांगितलं. रात्री सव्वानऊला त्या एकट्या जिना चढल्या. भांडारात फोनला रेंज नाही, म्हणून फोन दाराबाहेरच्या टेबलावर, स्पीकर चालू. पर्स खुर्चीला अडकवली. लांबच्या शहरात नोकरी करणारी लेक पलीकडून.

"आई, मी नूडल्स खात खात वाचणारे, चालेल ना?"

"वाच म्हणजे झालं. माझं 'आहे' ऐकू आलं की पुढचा नंबर. आणि समोर कागद घेऊन टिक कर."

"किती वस्तू?"

"सहाशे अडतीस."

"आई! मला पगार द्या मंडळाचा!"

सुरू झालं. एक, आहे. दोन, आहे. लेकीची बडबड अखंड.

"दोनशे सात. कुलूप, किल्ली नाही. किल्ली नाही तर कुलूप कशाला ठेवलंय?"

"तो इतिहास आहे. आहे!"

"दोनशे आठ. किल्ली, कुलूप नाही. आई, यांचं लग्न लावून द्या ना."

बाई आतून हसल्या. पाय दुखायला लागले होते. दोनशे तेरा आला. विटा पाडायचा साचा, अगदी वरच्या फळीवर. स्टूल ओढायचं, चढायचं, परत उतरायचं... बाईंनी खालूनच मान वर केली. लोंबणारी चिठ्ठी दिसली.

"आहे," त्या म्हणाल्या. हात न लावता.

बाहेर लेक म्हणाली, "दोनशे चौदा."

बाई अजून वळल्याही नव्हत्या.

"दोनशे पंधरा."

"अगं थांब! मी बोलले कुठे?"

"बोललीस की."

"मी?"

"आई, दहा वाजले, झोप आली असेल तर उद्या करू."

उद्या चालणार नव्हतं. बाईंना वाटलं, बोलले असेन. सवयीनं तोंडातून जातं. त्यांनी दोनशे पंधरा नंबरच्या दौतीकडे हात नेला.

"दोनशे सोळा," लेक म्हणाली.

बाईंचा हात तसाच राहिला. दौतीची चिठ्ठी हलत होती. आत वारा नाही. खिडकीच नाही त्या खोलीला. आणि दौतीवर वर्षाची धूळ... तिच्यावर चार बोटं. ताजी.

"सतरा." "अठरा." लेक भराभर चालली होती. बाईंच्या पुढे. फळीवर एकेक चिठ्ठी हलायची. थांबायची. मग पुढची हलायची.

बाई मागे मागे सरकत दाराशी आल्या. बाहेर आल्या.

"आई, आता कसं पटापट चाललंय! मला आधीच सांगायचंस ना."

"काय सांगायचं?"

"आहेकाका आलेत मदतीला ते! मग मला कशाला बसवलंस? खाकरले तेव्हाच ओळखलं मी. काका! ओळखलंत का मला?"

बाईंनी टेबल धरलं.

लेकीला माहीत नव्हतं. काका गेले हे बाईंनी तिला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचंही सगळं सांगावं लागलं असतं.

"आई? काका बोलत नाहीयेत. रागावलेत का?"

"तू... तू वाच," बाई म्हणाल्या. पळून जावं असं वाटलं, त्यांनीच सांगितलं मामाला. पण जिन्याकडे जायची वाट भांडाराच्या दारावरून होती. आणि दार उघडं होतं.

लेक वाचत राहिली. बाई टेबलाशी उभ्या. त्यांना आतून काही ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होतं ते फक्त फोनच्या पलीकडे, लेकीला.

"तीनशे... तीनशे एक... काका, जरा दम घ्या."

मग चारशे. चारशे पाच. चारशे दहा. चारशे अकरा.

"चारशे बारा. पितळी घंटा."

...

"काका? चारशे बारा."

...

"आई," लेक म्हणाली. "काका 'नाही' म्हणाले."

"असं कसं! मी स्वतः ठेवलीय," बाईंच्या तोंडून गेलं. आणि त्या आत गेल्या. मोबाइलशिवाय. ट्यूबलाइटच्या उजेडात. फळी. कंदील. कंदिलाच्या मागे...

धुळीत एक गोल. स्वच्छ. रिकामा.

आणि बाहेर, टण.

अगदी हलकेच. खुर्चीकडून.

बाई बाहेर आल्या. पर्स उघडली. आत पिवळ्या कार्डपेपरात गुंडाळलेली घंटा. जानेवारीत होती तशीच. तो कागद बाईंनी कधीच फेकून दिला होता.

मामा थांबला. धाकटीनं मधल्याचा शर्ट धरला होता, आणि त्यानं धरू दिला होता.

"मग?"

मग बाई खाली बसल्या. फरशीवर. आणि बोलायला लागल्या. लेकीशी की आणखी कुणाशी, त्यांनाही ठाऊक नाही. "घंटा मी नेली होती गं. चिठ्ठी केली नाही. काकांवर आलं, मी गप्प बसले. सापडली तरी गप्प बसले. उद्या छापणार होते की चूक त्यांची. त्यांची नव्हती. त्यांनी हात फिरवला होता, वस्तू नव्हती, ते 'नाही' म्हणाले. बरोबर म्हणाले. आणि... काका मार्चमध्ये गेले गं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई."

"हं."

"मग आत कोण आहे?"

...

बाई उठल्या. ड्रॉवरमधून गुलाबी चिठ्ठी काढली. मागच्या वर्षीची तारीख घातली, जी त्या दिवशी घालायला हवी होती. 'कुणी नेली' पुढे स्वतःचं नाव. सही. पहिली सही नीट ओळखू येईना, म्हणून परत केली. मग आत गेल्या. चिठ्ठी त्या रिकाम्या गोलाशेजारी ठेवली. घंटा गोलात ठेवली. तिच्यावर हात ठेवला.

"वाच," त्या ओरडल्या.

"आई, नको..."

"वाच बाळा. मोजणी अर्धी सोडायची नसते."

बाहेरून बारीक, रडका आवाज आला. "चारशे... बारा."

बाई बोलल्या नाहीत. ते 'आहे' त्यांनी म्हणायचं नव्हतं. त्या थांबल्या.

हाताखालची घंटा गार होती. मग आणखी गार झाली. कुणीतरी हात ठेवावा तशी. त्यांच्या हातावर नाही. हाताशेजारी.

कुणीतरी खाकरलं.

"आहे."

हे मात्र बाईंनी स्वतः ऐकलं. फळीच्या पलीकडून. वीतभर अंतरावरून.

पुढचे सगळे नंबर बाईंनी एकटीनं केले. दीड वाजला. प्रत्येक वस्तूला हात लावला. एकही चिठ्ठी आपोआप हलली नाही. लेक वाचत राहिली, एकही विनोद न करता, आणि शेवटचा नंबर झाल्यावर म्हणाली, "आई, फोन ठेवू नकोस. घरी जाईपर्यंत चालू ठेव."

"संपली?" मधल्यानं विचारलं.

"बाईंची संपली. सकाळी साडेसातला शटर वर करतोय तर त्या दारात उभ्या. डोळे लाल. या स्टुलावर बसून सगळं सांगितलं आणि हातानं लिहिलेलं पान दिलं. मी वाचलं. 'चारशे बारा क्रमांकाची घंटा मी चिठ्ठी न करता नेली होती. नोंदपालांची नोंद बरोबर होती.' खाली सही. म्हटलं, बाई, अध्यक्ष तुम्हाला ठेवणार नाहीत. म्हणाल्या, छापा. आधी काकांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला वाचून दाखवून आले, आता छापा."

"तू विश्वास ठेवलास?" थोरली म्हणाली.

"छे! म्हटलं, दगदग झालीय बाईला, मन खातंय, भास झाले असतील. लेकीला पण आईचाच आवाज वेगळा वाटला असेल. असं होतं. मी मान डोलावली, चहा मागवला आणि आपला रजिस्टर काढायला गेलो."

मामानं कोपऱ्यातल्या प्रेसकडे बोट केलं. तिघांनी तिकडे पाहिलं, आणि लगेच परत मामाकडे.

"त्याच प्रेसखाली होतं. आदल्या दिवशी पाचला मी स्वतः दाबलं, स्क्रू दोन्ही हातांनी पिळला. शटरला कुलूप, किल्ली माझ्या उशाखाली. सकाळी तो स्क्रू सोडवताना मला पायानं जोर द्यावा लागला, इतका घट्ट. रजिस्टर बाहेर काढलं. पानं चिकटली नाहीत ना, म्हणून चाळली. बाई शेजारीच उभ्या."

"आणि?"

"त्या वर्षीचा रकाना. दुपारी कोरा होता, फोटोतही कोराच आहे. एकपासून दोनशे बारापर्यंत सकाळीही कोरा. दोनशे तेरापासून खुणा. जांभळ्या. एका खाली एक, सरळ, पोस्टातल्या माणसानं कराव्यात तशा. चारशे अकरापर्यंत. चारशे बाराला फुली. आणि फुलीच्या शेजारी बरोबरची खूण. त्याखाली पुन्हा सगळं कोरं."

मामा चष्मा काढून पुसायला लागला.

"शाई... म्हणजे शिसपेन, मामा, आधीची कधीतरी..." मधला म्हणाला.

"मलाही तेच वाटलं. म्हणून त्या शेवटच्या खुणेवरून बोट फिरवलं."

मामानं चष्मा डोळ्यांवर चढवला.

"ओली होती."